डोळ्यात तार घुसल्यावर ऑपरेशन टाळता येतं का?

तुम्ही लिहिलंय की भावाच्या डोळ्यात तार घुसली, डॉक्टर आजच टाके घालायचं म्हणतात आणि घरचे विचारतायत, थेंबांवर भागणार नाही का? माझं थेंबांवर भागलं होतं. तरीही सांगतो, भावाला आजच टाके घालून घ्या.

मी सेंटरिंगच्या कामावर सळ्या बांधायचो. बाइंडिंग तार पिळताना तुटली आणि टोक उजव्या डोळ्यात गेलं. दुखलं फार नाही, गालावर कोमट पाणी ओघळलं. ते अश्रू नव्हते, डोळ्याच्या आतलं पाणी होतं, हे नंतर कळलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या उजेडात पाहिलं. जखम गळत असेल तर त्या रंगातून पाण्याची धार उतरताना दिसते. माझी अगदी हळू पाझरत होती. जखम २ मिलिमीटरपेक्षा लहान, तिरकी, कडा जुळलेल्या. आतलं भिंग शाबूत, आणि सीटी स्कॅनमध्ये धातूचा तुकडा नाही. (धातूचा संशय असेल तर एमआरआय करत नाहीत, चुंबकाने तुकडा आत हलू शकतो.) म्हणून बिननंबराची मऊ बँडेज लेन्स बसवली, अँटिबायोटिक थेंब, वरून कडक प्लॅस्टिकचं कवच, धनुर्वाताचं इंजेक्शन. बाई स्पष्ट म्हणाल्या, "उद्या गळताना दिसलं तर टाका घालणार." दुसऱ्या दिवशी गळती थांबली होती, म्हणून मी सुटलो. हे त्यांनी मशीनवर बघून ठरवलं, मी घरी बसून नाही.

जखम मोठी असेल, कडा फाकल्या असतील किंवा आतला रंगीत पडदा जखमेत अडकून बाहुली थेंबासारखी ओढली गेली असेल, तर कुठलेही थेंब ती मिटवत नाहीत. आणि उघडी जखम म्हणजे जंतूंना मोकळं दार. आत पू झाला की एक-दोन दिवसांत नजर जाऊ शकते. काही लहान जखमांना डॉक्टर खास गोंद लावतात, पण तोही सूक्ष्मदर्शकाखाली. घरातलं फेविक्विक कुणी सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा.

माझ्या एका सोबत्याच्या डोळ्यात छिन्नीचा कपचा उडाला होता. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलतं, त्याचाच तुकडा. गावी एका बाईने जिभेने डोळा साफ केला, मग मध घातला. चौथ्या दिवशी दवाखान्यात आला तेव्हा डोळा वाचवण्यासारखा राहिला नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या डोळ्याचाही विचार करा, एका डोळ्याच्या जखमेपायी चांगला डोळाही जाऊ शकतो. अंधांसाठी ब्रेल लिपी बनवणारा लुई ब्रेल ३ वर्षांचा असताना, वडील जिथे चामड्याचं खोगीर-सामान बनवायचे तिथे आरी त्याच्या एका डोळ्यात घुसली, आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. आज असं क्वचित होतं, आणि त्यावर औषधं आहेत, पण जखमी डोळ्यावर वेळेत उपचार झाले पाहिजेत.

ऑपरेशन होईपर्यंत डोळा धुऊ नका, चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका, घरचे थेंब किंवा मलम घालू नका. काही रुतलेलं असेल तर ओढू नका. कागदी कपाचा तळ कापून डोळ्यावर ठेवा, कडा हाडावर टेकू द्या आणि चिकटपट्टी लावा. खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागेल. शेवटचं किती वाजता खाल्लं, ते आत्ताच कागदावर लिहून सोबत न्या.