बाळाच्या कानाच्या तपासणीत ‘रेफर’ (म्हणजे पास नाही, पुन्हा तपासा) आलं, पण ताट वाजवलं की ते दचकतं. पुन्हा तपासणी करायलाच हवी का?

हो ताई, करायलाच हवी. त्या ताटानेच आमचे दहा महिने खाल्ले.

आम्ही तासगावचे. डिस्चार्जच्या दिवशी मुलीच्या दोन्ही कानांपुढे ‘रेफर’ लिहिलेला कागद मिळाला. ‘महिन्याभरात परत दाखवा’ एवढंच घाईत सांगितलं गेलं आणि कागद लसीच्या कार्डामागे जाऊन बसला. घरी सासूबाईंनी पाळण्याशेजारी स्टीलचं ताट वाजवलं, पोरगी दचकली, विषय संपला. दचकेल नाही तर काय! आवाज केवढा, शिवाय हादरा बसतो, हात हललेला दिसतो. बोलण्यातले ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज ऐकू येतात का, ते ताटाने कसं कळणार? पुढे हाकेला वळेना, तर ‘हिचा बापही उशिराच बोलला’ हे उत्तर तयार होतं.

तुमच्याकडे बहुधा ओएई झाली असेल. कानात मऊ टोक ठेवून बारीक टिकटिक सोडतात. कानाच्या आतला शंख (ऐकण्याचा शंखासारखा अवयव) ठीक असेल तर अगदी क्षीण आवाज परत येतो, तो यंत्र टिपतं. पहिले एक-दोन दिवस बाळाच्या कानात पाणी, पांढरा चिकटा असतो, त्यानेही रेफर येतं. म्हणजे घाबरू नका, बहुतेक बाळं दुसऱ्या वेळी पास होतात. खरा दोष हजारात एक ते तीन बाळांना असतो. आमची त्यातली निघाली.

दुसऱ्यांदाही रेफर आलं तर बेरा करतात, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते वायरी लावून बघतात, तेही बाळ झोपेत असताना. आम्हाला मिरजेपर्यंत पोरीला जागी ठेवायला सांगितलं होतं. कवलापूरपर्यंत खुळखुळा दाखवत जागवली (वाजवून उपयोग नव्हताच), बुधगावला आजीच्या मांडीवर पेंगली, आणि तिथे कपाळावर वायरी चिकटवल्या तशी टक्क जागी! मग दोन तास व्हरांड्यात चकरा.

डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत ऐकण्याचं मशीन किंवा उपचार सुरू व्हायला हवेत. आमचं मशीन वर्षाला लागलं. आता चार वर्षांची आहे, भरपूर बडबडते, पण ‘ससा’ म्हणायला शिकवताना दोन महिने गेले.

बाळ पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल किंवा काविळीने रक्त बदलावं लागलं असेल, तर ओएई पास झाली तरी बेरा मागून घ्या. मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा दोष ओएईत दिसत नाही. लग्न नात्यातलं असेल (आपल्याकडे मामाची मुलगी करतातच) तर तेही सांगा, लाजू नका.

तुम्ही साताऱ्याच्या, तर सिव्हिलमध्ये विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि जन्मतः बहिरेपणा त्यात धरलेला आहे. आशाताईंनाही गाठा. जाताना पहिला कागद न्या, आणि बाळाला दूध तिथे पोचल्यावरच पाजा. पोट भरलं की झोपतं.