आधी टायर, मग ब्रेक. फोर्कचं नाव नको

प्रश्न : काकू, माझी २६ इंची एमटीबी (डोंगरी सायकल) चार वर्षं जुनी आहे. ३×७ गिअर (पुढे ३, मागे ७ चकत्या), ८० मिमी दबणारा स्प्रिंगवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), तारेचे डिस्क ब्रेक. रविवारी आम्ही रालामंडल नाहीतर महूमार्गे पाताळपाणी गाठतो. शिकवण्या घेऊन १५,००० रुपये साठवलेत. १२० मिमीचा एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर दबणारा), ११ गिअरची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक बसवायचेत. सुरुवात कशाने करू?
— एक विद्यार्थी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : अरे, एवढ्यात तिन्ही बसायचे नाहीत, आणि बसले तरी फोर्क मी तुला घेऊ देणार नाही. ४० मिमी उंच फोर्क लावलास की हेड ट्यूब, म्हणजे फोर्कचा दांडा ज्यात बसतो ती फ्रेमची पुढची नळी, साधारण २ अंशांनी मागे कलते. हा उद्योग मी स्वतः केलाय. जानापावच्या चढावर माझं पुढचं चाक दारुड्यासारखं डावीउजवीकडे जायचं. शेवटी उतरून ढकलत नेली, मागून येणाऱ्या पोरांनी पाणी विचारलं ते वेगळंच. शिवाय आताचे बरेचसे एअर फोर्क २७.५ नि २९ इंचांसाठी असतात, खाली जाड होणाऱ्या दांड्याचे. तुझ्या सरळ हेड ट्यूबमध्ये ते शिरणारच नाहीत.

कॅसेटचं आधी तपासून बघ. मागचं चाक काढ, दातेरी चकत्या उलट्या फिरव. मधली खाचांची कडी सोबत फिरली तर कॅसेट. जागीच राहिली तर फ्रीव्हील, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसणारा संच. सात गिअरवर बहुधा फ्रीव्हीलच निघेल. मग ११ गिअरसाठी हब बदला, चाक नव्याने विणा, वर शिफ्टर (मुठीजवळचा गिअर बदलायचा खटका), डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा), चेन. शेपूट वाढतच जातं.

म्हणून आधी टायर. आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात टायरला लिंपल्यासारखी बसते. जवळजवळ असलेल्या बारीक गुट्ट्यांचा (उंचवट्यांचा) टायर दहा मिनिटांत गुळगुळीत होतो. गुट्टे विरळ नि उंच हवेत, रुंदी २.१ इंच, फ्रेमशी दोन्हीकडे बोटभर जागा राहते ना, ते बघून घे. आणि दुकानदार दगडासारखी हवा भरतो, ती घरी येऊन काढ. साधारण ६५ किलोचा असशील तर ट्यूब असतानाही कच्च्या रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते.

मग ब्रेक. हायड्रॉलिक जरूर घे, पण तुझ्या सायकलीला शिफ्टर नि ब्रेकची मूठ एकाच तुकड्यात असेल तर वेगळे शिफ्टरही घ्यावे लागतील, तो खर्च आधी धर. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल जातं, डॉट ऑइल चुकूनही नको, आतले रबरी सील फुगून जातात. रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) फक्त रेझिन (राळेच्या) पॅडसाठी असं छापलेलं असेल तर धातूचे पॅड लावू नकोस. नव्या पॅडने सपाटीवर वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू थांब, चाक लॉक होऊ न देता. तोवर पाताळपाणीचा उतार नाही.

पैसे उरले तर चेन मोज, ती झिजून लांबते. एक पिन धरून तिच्यापुढच्या २४व्या पिनेपर्यंतचं अंतर नव्या चेनमध्ये ३०५ मिमी असतं, ३०६.५ च्या पुढे गेलं असेल तर चेन बदल. आणि ३०८ भरलं तर दातेही झिजलेले असतील, फ्रीव्हीलचेही पैसे बाजूला ठेव.