कुमक्वाट, म्हणजे संत्र्याच्या कुळातली ती इवलीशी फळं, सालीसकट खायची का? आणि किलोभर आणले तर त्यांचं करायचं काय?

हो, सालीसकटच! गोडवा सगळा सालीत असतो, आंबटपणा आत गरात. सोललंत तर हाती नुसता आंबट भाग उरेल. खाण्याआधी फळ दोन बोटांत जरा चोळा. सालीतलं तेल सुटतं, बोटांना वास लागतो. मग अख्खं तोंडात टाकून सावकाश चावा. बिया थुंकून टाका, त्या कडू लागतात.

यांच्या दोन जाती: लांबट 'नागामी' जास्त आंबट, गोल 'मेइवा' गोड. नुसतं खायला मेइवा, शिजवायला नागामी.

कॅलिफोर्नियात हिवाळ्यात बाजारात दिसले की मी लोणचं घालतेच. अर्धा किलो फळं धुऊन अगदी कोरडी पुसायची, चकत्या करून बिया काढायच्या. चार चमचे मीठ, तिखट, मोहरीची पूड, थोडा गूळ आणि वरून गार केलेली हिंग-हळदीची फोडणी. फ्रिजमध्ये आठेक दिवसांत साल मऊ होते, फोडी चकाकायला लागतात. वरणभाताशी फार छान लागतं. लिंबाच्या लोणच्याइतकी वाट बघावी लागत नाही, कारण साल मुळातच पातळ.

उरलेल्यांचा मुरांबा करा. आधी एक उकळी काढून ते पाणी टाकून द्या, कडवटपणा जातो.