नागपुरात मे महिन्यात घरच्या अंगणात 60 माणसांचं जेवण आहे. टेबलं कशी मांडावीत?

तुमच्या आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं होताहेत. जेवण हॉलमध्ये न देता प्रतापनगरच्या घराच्या अंगणातच द्यायचं ठरवलंय. अंगण 30 बाय 20 फूट, माणसं 60, जेवण बुफे पद्धतीचं, टेबल-खुर्च्या भाड्यानं आणणार. गोल टेबलं घ्यावीत की लांब, किती घ्यावीत आणि हॉलसारखं देखणं कसं दिसेल, असं तुम्ही विचारलंय.

आमचं नागपूरच्या महाल भागात बिछायत केंद्र आहे, म्हणजे कार्यांसाठी टेबल-खुर्च्या वगैरे सामान भाड्यानं देण्याचं दुकान. सासऱ्यांनी सुरू केलं, आता आम्ही दोघं नवराबायको बघतो. 22 वर्षांत मुंज, साखरपुडा, बारसं, तेरवी, सगळ्या कार्यांची टेबलं लावली आहेत. त्यातलं जे तुमच्या कामाचं, तेवढं सांगते.

गोल टेबलं घेऊ नका. फोटोत ती फार छान दिसतात, म्हणून हल्ली सगळे तीच मागतात. पण हिशेब करून बघा. 5 फुटी गोल टेबलाभोवती 8 माणसं बसतात, म्हणजे 60 जणांना 8 टेबलं लागतील. एका टेबलाला माणसं बसलेल्या खुर्च्यांसकट 9 फूट लांब-रुंद जागा लागते. 81 चौरस फूट गुणिले 8 म्हणजे 648. तुमचं अख्खं अंगण 600 चौरस फुटांचं आहे आणि त्यात अजून वाढायचं काउंटर, पाणी, हात धुवायची जागा, माणसांना चालायची वाट, काहीच धरलेलं नाही.

त्यापेक्षा 6 फूट बाय अडीच फुटाची घडीची लांब टेबलं घ्या. तीन टेबलं एकाला एक लावून 18 फुटांची एक ओळ, अशा दोन ओळी. माणसाला बसायला 2 फूट धरतात, त्या हिशेबानं एका बाजूला 9 जण मावतील असं कागदावर येतं. तुम्ही 8 च धरा. घडीच्या टेबलाचे लोखंडी पाय जिथे दोन टेबलं जुळतात तिथे शेजारी-शेजारी येतात आणि त्या जोडावर बसलेल्या माणसाचे गुडघे त्यांच्यावर आपटतात. तो बिचारा अख्खं जेवण तिरपं बसून करतो. बाजूला 8 म्हणजे ओळीत 16, दोन ओळींत 32. साठ जणांच्या दोन पंगती आरामात उठतात.

रुंदीचाही हिशेब बसतो. अडीच फूट टेबल, दोन्हीकडे दोन-दोन फूट बसलेली माणसं, म्हणजे एक ओळ साडेसहा फूट. दोन ओळी 13 फूट, मधे 3 फुटांची वाट आणि दोन्ही कडांना दोन-दोन फूट, झाले 20. मधली वाट 3 फुटांपेक्षा कमी करू नका. हातात रश्श्याची बादली घेतलेला वाढपी तिथून जायचा असतो. लांबीला 30 पैकी 18 फूट गेले, उरलेले 12 फूट पोर्चच्या बाजूला सोडा. तिथे काउंटर.

तुम्ही बुफे म्हणालात, मी सारखं पंगत-पंगत करतेय, त्याचं कारण सांगते. बरीच वर्षं झाली, एका साखरपुड्याची टेबलं मीच लावली होती. बुफे होता. ताटांच्या शेजारीच पाण्याचं टेबल ठेवलं, कारण जागा तिथेच होती. अर्ध्या तासात तिथे अशी गर्दी झाली की ताट घेणारे आणि पाणी घेणारे एकमेकांत अडकले. मुलीचे आजोबा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताट, रांगेच्या बाहेर उभे. कुणाला मागायचं, कुठे ठेवायचं, त्यांना समजेना. थोड्या वेळानं त्यांनी ताट तसंच कोरं परत ठेवलं आणि खोलीत जाऊन बसले. ते ताट ठेवताना मी बघितलं, आणि आवरून तिथपर्यंत पोचेपर्यंत ते निघून गेले होते. घरी आल्यावर सासऱ्यांना सांगितलं तर ते इतकंच बोलले, "सूनबाई, पयले माणसं मोज, मंग टेबल मोज." तेव्हापासून मी घरच्या कार्याला विचारते, की न बसता जेवू शकणार नाहीत असे किती जण आहेत. तुमच्याकडे आईबाबांच्या वयाचे पाहुणे निदान 25 तरी असतील. म्हणून पहिली पंगत त्यांची, ताटावर वाढायची. दुसऱ्या खेपेला तरुण मंडळींनी काउंटरवरून वाढून घेऊन त्याच टेबलांवर बसावं. दोन्ही होतं.

आदल्या संध्याकाळी एक काम नक्की करा. अंगण झाडून खडूनं किंवा रांगोळीनं फरशीवर टेबलांच्या चौकटी खऱ्या मापानं आखा. घरातल्या चार खुर्च्या त्या रेघांना लावा, आईला त्यातल्या एका खुर्चीवर बसवा, आणि तुम्ही हातात परात घेऊन तिच्या मागून जाऊन बघा. नळाचा चबुतरा, तुळशीवृंदावन, गटाराची जाळी, गाडी चढवायचा उतार हे सगळं तेव्हाच कळतं. अंगणाला पाणी जायला उतार दिलेला असतोच, त्यामुळे टेबल डुगडुगतं. घडी केलेला कागद पायाखाली सरकवू नका, ओला झाला की दबतो. फरशीचे चार-सहा तुकडे किंवा प्लायच्या पट्ट्या जवळ ठेवा.

खुर्च्या दोन प्रकारच्या मागा. बहुतेक बिनहाताच्या, त्या कमी जागेत बसतात. पण दहा-बारा हात असलेल्या घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना टेकायला काहीतरी लागतं, नाहीतर तो टेबलाला रेटा देतो आणि शेजाऱ्याचा मठ्ठा सांडतो. या खुर्च्या ओळींच्या टोकांना लावा. त्या रुंद असतात, टोकाला खपून जातात. सामान उतरलं की प्रत्येक टेबल उघडून त्याचा खटका नीट बसतो का ते हातानं दाबून बघा आणि खुर्च्यांचे पाय चिरलेले नाहीत ना तेही. आमच्यासारख्यांचं सामान रोज इथून तिथे फिरतं, बघून घेतलेलं बरं. आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपासची तारीख असेल तर आजच सांगून ठेवा.

काउंटरला आणखी तीन टेबलं. भिंतीला चिकटवू नका, मागे 3 फूट सोडा म्हणजे वाढणाऱ्याला उभं राहता येईल आणि गंज, म्हणजे मोठं पातेलं, बदलता येईल. जड भांडी टेबलाच्या मधोमध कधीच ठेवायची नाहीत, घडीचं टेबल तिथेच वाकतं. रश्श्याचा गंज, गरम पाण्याच्या ट्रेमधली भाजी, हे पायांच्या वर. मधे पोळ्या, पापड, कोशिंबीर. रांगेच्या सुरुवातीला ताटं, आणि चमचे-नॅपकिन शेवटी. सुरुवातीलाच ते दिले की माणूस ते एका हातात धरून दुसऱ्या हातानं वाढून घेत बसतो आणि मागची रांग थांबते. गोड वेगळ्या टेबलावर, रांगेच्या बाहेर, कारण लोक गोडाला दोनदा येतात, आणि मे महिन्यात आमरस असला तर तीनदा.

पाणी काउंटरपासून निदान 10 फूट लांब, फाटकाच्या बाजूला. 60 माणसांना आपल्या उन्हाळ्यात 20 लिटरचे चार कॅन धरा. एका कॅनचं वजन 20 किलोच्या वर, चार झाले की 80 च्या वर. सगळे एका घडीच्या टेबलावर चढवू नका. दोन ठेवा, बाकीचे खाली सावलीत. हात धुवायची जागा आणि उष्ट्या ताटांचं टब जेवणाऱ्यांच्या पाठीमागे यायला हवं, समोर नको.

कूलरबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. मे महिन्यात पारा 45 वर जाणं आपल्याला नवीन नाही. सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, पण फरशी पुढे दोन तास धगधगत असते. पाच वाजल्यापासून दोनदा पाणी मारा, आठच्या आधी पंगत बसवू नका. दोन कूलर लागतील, पण काउंटरकडे तोंड करून ठेवू नका. वाऱ्यानं ट्रेखालची ज्योत विझते, पोळ्या पंधरा मिनिटांत पापडासारख्या कडक होतात आणि नॅपकिन उडून शेजाऱ्यांच्या अंगणात जातात. कूलर ओळींच्या काउंटरकडच्या दोन कोपऱ्यांना तिरपे, वारा टेबलांच्या लांबीनं वाहील असे. वायर भिंतीच्या कडेनं न्या, टाकी भरताना आधी प्लग काढा. ओली फरशी, अनवाणी पाय आणि जुना कूलर हे एकत्र येऊ देऊ नका.

आता देखणेपण. त्याचा खर्च तुम्हाला वाटतो तेवढा नाही. साडेसात फूट बाय 11 फुटाचं कव्हर 6 फुटी टेबलावर टाकलं की चारही बाजूंनी जमिनीपर्यंत येतं, पण जेवायच्या टेबलांना तसं घेऊ नका, पायात अडकतं. मांडीपर्यंत, फूटभर खाली येईल एवढंच. जमिनीपर्यंतची फ्रिल फक्त काउंटरला, म्हणजे खालचे डबे-खोके झाकले जातात. रंग पांढरा नको. पाटवडीच्या रश्श्याची तर्री पांढऱ्यावर पडली की ती पंगत उठेपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे राहते. मरून रंगाचं किंवा गडद हिरवं घ्या, आणि पांढरंच हवं असेल तर मधोमध एक रंगीत पट्टा टाका. घरच्या चादरी वापरणार असाल तर डाग पडल्यावर लगेच साबण लावू नका. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. आधी साध्या पाण्यानं रस्सा धुऊन जाऊ द्या, मग साबण, आणि नंतर कडक उन्हात वाळवा. आमची शेकडो कव्हरं अशीच सुधारली आहेत, दोन दिवसांच्या नागपूरच्या उन्हात पिवळा डाग दिसेनासा होतो. घडीच्या रेघा दिसत असतील तर कव्हर टाकून त्यावर पाण्याचा हलका फवारा मारा, दोघांनी दोन टोकं ओढून चिमटे लावा. चिमटे तसेही लागणारच, मे महिन्यातली वावटळ सांगून येत नाही.

फुलं उंच ठेवू नका. समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणून वीतभराच्या वर काही नको. पितळेच्या पसरट वाटीत पाणी आणि त्यात मोगरा, दर टेबलाला एक. सीताबर्डीच्या फूलबाजारातून सकाळी आणा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मेणबत्त्या कूलरपुढे टिकत नाहीत. समई फाटकाशी लावा, कापडापासून लांब.

ताटाच्या मांडणीत हॉटेलची नक्कल नको. त्यांच्याकडे काटा डावीकडे, सुरी उजवीकडे आणि पेला उजव्या हाताला, कारण ते बोटांनी जेवत नाहीत. आपला उजवा हात जेवणात भरलेला असतो, म्हणून पेला डावीकडे. मीठ वर मधोमध, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-रस्सा उजवीकडे. वाढप्यांनाही हे आधी सांगा. म्हाताऱ्या माणसांना हे बरोबर असलं की किती बरं वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

आईबाबांसाठी वेगळं स्टेज किंवा सोफा करू नका, मनापासून सांगते. दोघांनाच समोर बसवलं की ते दिवसभर फोटोला उभे राहिल्यासारखे जेवतात. पहिल्या ओळीच्या घराकडच्या टोकाला दोघांना शेजारी-शेजारी बसवा, फाटक दिसेल अशा बाजूला, म्हणजे आत येणारा प्रत्येक जण त्यांना दिसेल. त्यांच्या दोन्ही हातांना त्यांचे जुने मित्र, शेजारी, बहिणी. नातेवाइकांचा मान सांभाळायला म्हणून व्याह्यांना जवळ बसवून जुन्या मैत्रिणीला दूर टाकू नका. लहान मुलांना टेबल नकोच, पोर्चमध्ये सतरंजी टाकून तिथे वाढा.

पाऊस-वाऱ्याचं भान ठेवून काउंटर पोर्चच्या छताखाली येईल तेवढं आत घ्या. वारा सुटला तर माणसं उठून आत येतील, अन्न उचलून आत नेता येत नाही.

एकूण 6 जेवायची, 3 काउंटरची, 1 पाण्याचं, 1 गोडाचं अशी 11 टेबलं सांगा, आणि एक जास्तीचं. ते बाराव्या नंबरचं टेबल दुसरी पंगत उठेपर्यंत घडी करून भिंतीला उभं ठेवा. सगळे गेले की ते अंगणात उघडा, कोरं कव्हर घाला, मोगऱ्याची एक वाटी उचलून त्यावर ठेवा. वाढणारे, वहिनी, तुम्ही, भांडी घासायला आलेल्या मावशी, सगळे तेव्हा बसा. आईला सांगा, आज तू वाढ. ती नाही म्हणणार नाही.