तक्रार ऐकण्याआधी

पुणे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

शालेय समितीवर तुझी नेमणूक झाल्याचे कळले, आणि पहिल्याच महिन्यात एका शिक्षिकेविरुद्ध पालकाची लेखी तक्रार पुढ्यात आल्याचेही. सुरुवात कुठून करावी, असे तू विचारतोस. समितीच्या बैठकीबाहेर कुणाचेही ऐकू नकोस, तक्रारदाराचे तर नाहीच.

पुण्यात समितीच्या सदस्याला गाठणे सोपे असते. अमृततुल्यात चहाचा कप हातात असताना ‘तुम्ही समितीवर आहात ना?’ अशी सुरुवात होते आणि कप रिकामा होईपर्यंत आपले मत बनलेले असते. मी स्वतः मुलाच्या वर्गशिक्षिका बाईंविरुद्ध तक्रार करणाऱ्या एका वडिलांना घरी बोलावून पाऊण तास त्यांचे म्हणणे ऐकले होते. त्यांनी मुलाची वही उघडली. लाल रेघ इतकी दाबून ओढलेली होती की पान फाटून खालच्या पानावर वळ उमटला होता. त्या वळानेच माझा निकाल लावला. पुढे बाई समितीपुढे आल्या, तेव्हा मी त्यांना प्रश्न विचारत नव्हतो, कबुली मागत होतो. त्या वर्गात मुले एकमेकांच्या वह्या तपासत असत आणि ती रेघ शेजारच्या बाकावरच्या मुलाची होती, हे तिसऱ्या बैठकीत उघड झाले. बाईंनी तक्रार केली नाही; मात्र त्यानंतर माझ्याशी त्यांचे बोलणे नमस्कारापुरतेच उरले.

म्हणून तक्रार लेखी घे, तिला आवक क्रमांक व तारीख पडू दे, पोच दे आणि तिची प्रत संबंधित शिक्षकाला मिळेल हे पाहा. नेमके काय घडले, कधी आणि कुणासमोर, एवढे त्याला कळल्याशिवाय तो खुलासा कशाचा देणार? ‘वागणूक बरोबर नाही’ या तीन शब्दांना उत्तर नसते. मुख्याध्यापक हे समितीचे सचिव असतात. तक्रार त्यांच्याविरुद्धच असेल, तर कागद त्यांच्या कपाटात राहू नयेत, हे सांगायचा संकोच करू नकोस.

काही तक्रारी मात्र समितीने तोलायच्याच नसतात. मुलावरील लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला, तरी 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी आपण शहानिशा करू’ असे म्हणणारा ज्येष्ठ सदस्य कितीही सज्जन असला, तरी तेथे त्याचे ऐकू नकोस. शिक्षिकेने वा महिला कर्मचाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार केली, तर ती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार, त्यासाठीच नेमलेल्या वेगळ्या अंतर्गत समितीकडे जाते. छडी मारणे किंवा वर्गासमोर अपमान करणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने निषिद्ध आहे, तेव्हा ‘आमच्या वेळी असेच होते’ हा युक्तिवाद चर्चेलाही घेऊ नकोस.

आरोप गंभीर असेल आणि नोकरीवर गदा येण्याची शक्यता असेल, तर खासगी शाळांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली नीट वाच. नियम 36 मधील चौकशी समितीत तीन जण असतात व त्यांतील एक व्यक्ती स्वतः कर्मचाऱ्याने सुचवलेली असते. संस्थाचालकांना हे अनेकदा खुपते. पण बडतर्फ झालेला शिक्षक 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करतो, आणि चौकशीच सदोष ठरली, तर खरा दोषीही सन्मानाने परत येतो.

तुझ्या हातातल्या तक्रारीबद्दल: त्या पालकांचा फोन आलाच, तर ‘जे सांगायचे ते बैठकीत, बाईंच्या समक्ष सांगा’ एवढेच बोल. त्यांच्याशी तुझी आधीची ओळख असेल, तर बैठकीच्या आरंभीच ती सांग आणि इतिवृत्तात नोंदवायला लाव.

तुझा,
एक जुना सदस्य