खिडक्या लावायच्या की बसवायच्या?

फोंड्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्या पोर्तुगीज काळातल्या जमिनींच्या कागदांचा मराठी अनुवाद करतात. आता ३२ इंची मॉनिटर आणलाय. डावीकडे मूळ कागद, मध्ये अनुवाद, उजवीकडे शब्दकोश, असं सगळं एकदम समोर हवं. 'खिडक्या शेजारी शेजारी लावणारं सॉफ्टवेअर सुचव' असं त्यांनी भाच्याला लिहिलं. तो म्हणाला, 'मावशी, लावायच्या कशाला? उघड्याच हव्यात ना?' दुकानदार 'टाइल करा' म्हणतो. मग मराठीत 'कौलं घालणे' म्हणावं का?

भाच्याचं बरोबर आहे. पुस्तकं कपाटात लावतात, भांडी फळीवर लावतात, पण दार-खिडकी लावली की ती बंदच होते. पावसाची सर आली की 'खिडकी लाव रे' हीच हाक घरात उठते. क्रियापद बदलायलाच हवं.

'कौल' मात्र नको. लहानपणी मे महिन्यात आमच्या घरावरचे नळे (कौलं) परतायचे, तेव्हा मी खालून एकेक नळा वर द्यायचो. प्रत्येक नळा खालच्यावर थोडा चढवावाच लागतो, नाहीतर मिरगात पाणी थेट अंथरुणावर. कौलाचं सगळं काम एकावर एक येण्यात, आणि ताईंना नेमकं तेच नकोय. इंग्रजीत छपरावरचं आणि जमिनीवरचं दोन्ही टाइलच. मराठीनं कौल निराळं ठेवलं, लादी निराळी. लादी लादीवर चढत नाही. गवंडी दोरी ताणतो, लादी टेकवतो, हातोडीच्या दांड्यानं चार कोपऱ्यांवर हलके ठोकतो आणि सांध्यावरून बोट फिरवून बघतो. याला आपण लादी 'बसवणे' म्हणतो. चौकटीत खिडकीही बसवतातच. म्हणून 'खिडक्या शेजारी शेजारी बसवणे'. कुणालाही पहिल्या वाचनात कळेल. (घरात 'जनेल' म्हणत असाल तर खुशाल 'जनेलं बसवा'. पोर्तुगीज संगणकावरही खिडकीला 'जनेला'च म्हणतात.)

गंमत म्हणजे १९८५ सालच्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या लाद्यांसारख्याच होत्या, एकमेकींवर चढत नसत. चढायला लागल्या त्या १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत. पुढे टास्कबारच्या (पडद्याच्या तळाशी असते त्या पट्टीच्या) मेनूत 'कॅस्केड' आलं: खिडक्या उतरत्या रांगेत, मागच्यांची नुसती वरची पट्टी दिसणारी. 'कौलारू मांडणी' हा शब्द मी त्यासाठी राखून ठेवीन.

आता सॉफ्टवेअर. विंडोज ११ असेल तर वेगळं काही शोधू नका. विंडोजची कळ दाबून धरा आणि झेड दाबा, मांडण्यांचे नमुने समोर येतात. रुंद पडद्यावर तीन उभ्या पट्ट्यांचा नमुनाही असतो. पट्ट्यांची रुंदी स्वतः आखायची असेल तर मायक्रोसॉफ्टचंच मोफत 'पॉवरटॉइज' घ्या. त्यातल्या 'फॅन्सीझोन्स'मध्ये एकदा कप्पे आखून ठेवले की शिफ्ट धरून खिडकी ओढायची, ती कप्प्यात बसते. मॅकवाल्यांना २०२४ च्या 'सिकोया' आवृत्तीपासून कडेला ओढून बसवण्याची सोय आयतीच आहे. त्याआधीच्या मॅकवर 'रेक्टँगल' नावाचं सॉफ्टवेअर चालतं, तेही मोफत.

भाच्याला आता असं लिहा: 'मूळ कागद डावीकडे बसव, शब्दकोश उजवीकडे, मधली जागा अनुवादाला.'