डॉट-एन्व्ह बदललं तरी जँगो ॲप जुनंच सेटिंग का धरून बसतं? सेटिंग्ज ठेवायची कुठे?

तुमचा प्रश्न मला असा समजला: एका उबुंटू सर्व्हरवर दोन जँगो ॲप्स (पायथनमधली वेब ॲप्स) आहेत, दोन्ही गुनिकॉर्नवर (पायथन ॲप चालवणारा सर्व्हर), सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिस म्हणून. डॉट-एन्व्ह, म्हणजे पासवर्ड-पोर्टसारख्या सेटिंग्जची फाइल, बदलली की कधी फरक पडतो, कधी पडत नाही. टर्मिनलवर हाताने चालवलं की सगळं नीट चालतं, सर्व्हिसमधून मात्र डेटाबेस जोडला जात नाही.

आधी एक गोष्ट पक्की धरा. प्रोसेस सुरू होताना तिला एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे ‘नाव=किंमत’ अशा सेटिंग्जच्या यादीची, एक प्रत मिळते. नंतर तुम्ही फाइलमध्ये काहीही लिहा, ती प्रत बदलत नाही. म्हणून फाइल उघडून बघण्याआधी चालू प्रोसेसकडे काय आहे ते बघा. ‘सिस्टमसीटीएल शो’ला ‘मेनपीआयडी’ प्रॉपर्टी विचारा, प्रोसेसचा नंबर मिळेल. प्रोक या सिस्टम फोल्डरमध्ये त्या नंबरच्या फोल्डरात ‘एन्व्हायरन’ नावाची फाइल असते. ती सुडो लावून कॅटने वाचा आणि पाइपने ‘टीआर’कडे देऊन शून्य बाइटच्या जागी नवी ओळ टाका. इथे बाणाचं रीडायरेक्शन वापरू नका. फाइल उघडण्याचं काम तेव्हा तुमची शेल करते, सुडो नाही, आणि परवानगी नाकारली जाते. सेटप्रॉकटायटल पॅकेज (प्रोसेसचं दिसणारं नाव बदलणारं) बसवलेलं असेल तर ही फाइल पुसलेली किंवा अर्धवट दिसू शकते; तेवढ्यापुरतं ते काढून तपासा.

आता तुमचं मुख्य दुखणं. बहुतेक ठिकाणी तीच डॉट-एन्व्ह फाइल दोघं वाचत असतात: सर्व्हिसच्या ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ ओळीमुळे सिस्टमडी, आणि सेटिंग्जमधल्या ‘लोड डॉटएन्व्ह’मुळे पायथन. दोघांचे वाचायचे नियम वेगळे आहेत. समजा ओळ अशी आहे:

डीबी_पोर्ट=5432 # पोस्टग्रेस

पायथन-डॉटएन्व्ह (लोड डॉटएन्व्ह जिच्यातून येतं ती लायब्ररी) स्पेसनंतरचा हॅश आणि पुढचा मजकूर टिप्पणी समजून सोडून देतं, म्हणून टर्मिनलवर 5432 मिळतं. सिस्टमडी फक्त ओळीच्या सुरुवातीचा हॅश किंवा अर्धविराम टिप्पणी मानतं. त्याच्या दृष्टीने किंमत आहे ‘5432 # पोस्टग्रेस’, अख्खी. पोस्टग्रेस डेटाबेसची लायब्ररी पोर्ट हा पूर्णांक नाही म्हणून तक्रार करते. पायथनने नंतर योग्य किंमत वाचली तरी उपयोग नाही, कारण लोड डॉटएन्व्ह आधीपासून असलेल्या व्हेरिएबलला हात लावत नाही. ते बदलू देणारा ‘ओव्हरराइड’ पर्याय मुळात बंद असतो. टर्मिनल आणि सर्व्हिस यांच्यातला फरक बहुधा इथेच सापडेल.

पासवर्डमधल्या डॉलर चिन्हाचंही असंच आहे. बॅशमध्ये फाइल ‘सोर्स’ केली की डॉलरपुढचं नाव व्हेरिएबल समजलं जातं आणि पासवर्ड मधूनच तुटतो. सिस्टमडी डॉलर जसाच्या तसा ठेवतं. टक्क्याचं चिन्ह फाइलमध्ये चालतं, पण तोच पासवर्ड युनिटमधल्या (सर्व्हिसची व्याख्या असलेल्या सिस्टमडीच्या फाइलमधल्या) ‘एन्व्हायर्नमेंट’ ओळीत लिहिला तर टक्का दोनदा द्यावा लागतो. ओळीच्या सुरुवातीला ‘एक्सपोर्ट’ लिहायची सवय असेल तर सोडा, सिस्टमडीला ते चालत नाही.

माझं मत ठाम आहे: सर्व्हरवर वाचणारा एकच असावा, आणि तो सिस्टमडी. लोड डॉटएन्व्ह फक्त तुमच्या लॅपटॉपवर चालू द्या. इटीसीमध्ये प्रत्येक ॲपचं वेगळं फोल्डर करा, उदाहरणार्थ ‘दुकान’ आणि ‘हिशोब’, प्रत्येकात एक एन्व्ह फाइल. मालक रूट युजर, परवानगी 600, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. ॲपच्या युजरला ती वाचता यायची गरजच नाही, कारण सिस्टमडी ती रूट म्हणून वाचतं आणि मग प्रोसेस त्या युजरच्या नावाने सुरू करतं. कोडच्या फोल्डरात फाइल ठेवू नका. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा ‘रूट’, म्हणजे तो ज्यातून फाइली देतो ते फोल्डर, एक पायरी वर चुकला तरी ती ब्राउझरमधून उतरवता येते, आणि डॉट-एन्व्ह शोधत फिरणारे बॉट कुठल्याही सर्व्हरच्या लॉगमध्ये रोज दिसतात. युनिटमध्ये फाइलच्या पाथआधी उणे चिन्ह असेल तर काढून टाका. उणे असलं की फाइल नसली तरी सर्व्हिस मुकाट्याने सुरू होते.

एन्व्ह फाइल बदलली तर सर्व्हिस रिस्टार्ट करा, तेवढं पुरतं. युनिट फाइल बदलली तर आधी ‘डीमन-रीलोड’, मग रिस्टार्ट. ‘रीलोड’वर विसंबू नका: त्यात गुनिकॉर्नला हप (पुन्हा लोड कर असा) सिग्नल गेला की वर्कर, म्हणजे काम करणाऱ्या उपप्रोसेस, नवे येतात, कोडही नवा येऊ शकतो, पण मास्टर प्रोसेस तीच असते आणि वर्करना तिचंच जुनं एन्व्हायर्नमेंट मिळतं. ‘कधी फरक पडतो, कधी नाही’ याचं कारण मला हेच दिसतं.

मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी जँगोची कमांड) हाताने चालवताना पुन्हा बॅशच्या नियमांत शिरू नका. ‘सिस्टमडी-रन’ला पीटीवाय आणि वेट हे पर्याय, ॲपचा युजर, कामाचं फोल्डर आणि प्रॉपर्टी म्हणून तीच एन्व्हायर्नमेंटफाइल द्या. मायग्रेशनला सर्व्हिसच्याच किंमती मिळतील.

कोडमध्ये दोन जागा तपासा. पहिली डीबग. एन्व्हायर्नमेंटमधून येणारं सगळं अक्षरी असतं, त्यामुळे ‘फॉल्स’ हा शब्दसुद्धा पायथनला खराच वाटतो. डीबग सरळ व्हेरिएबलमधून घेतलं असेल तर फॉल्स लिहूनही ते चालूच राहतं, आणि एरर पेजवर सेटिंग्ज व कोडचे तुकडे बाहेर दिसतात. किंमत लहान अक्षरांत करून ‘ट्रू’ किंवा ‘1’ यांच्याशी ताडून पाहा. दुसरी जागा सीक्रेट की, जिने जँगो लॉगिन, लिंक वगैरेंवर सही करतं. ती ‘गेट’ने, एखादी डिफॉल्ट किंमत देऊन घेऊ नका. चौकोनी कंसाने थेट मागा. नसेल तर ॲप सुरूच होणार नाही, आणि चूक डिप्लॉय करतानाच कळेल. ‘चेक’ कमांड ‘डिप्लॉय’ पर्यायासह चालवली की जँगो यातल्या काही गोष्टी स्वतः सांगतं.

फाइल आधीच गिटमध्ये गेली असेल तर गिटइग्नोरमध्ये नाव घालून भागत नाही. ती जुन्या कमिटमध्ये राहतेच. डेटाबेसचा पासवर्ड आणि बाहेरच्या सेवांच्या की त्याच दिवशी बदला. सीक्रेट की बदलली की सगळ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड रीसेटच्या लिंक बाद होतात, जँगो 4.1 पासून जुनी की ‘सीक्रेट की फॉलबॅक्स’मध्ये थोडे दिवस ठेवता येते. पण की खरोखरच फुटली असेल तर ती तिथे ठेवू नका, लोकांना पुन्हा लॉगिन करू द्या.

एन्जिनएक्सचं एक सांगून ठेवतो, दोन ॲप्स असली की हमखास आडवं येतं. ‘साइट्स-एनेबल्ड’मध्येच (चालू साइट्सच्या सेटिंग्जचं फोल्डर) एखाद्या साइटच्या फाइलची ‘ओल्ड’ नावाने प्रत ठेवली असेल तर ती प्रतही वाचली जाते, कारण उबुंटूवर तिथली प्रत्येक फाइल आत घेतली जाते. मग एकाच डोमेनसाठी दोन ब्लॉक होतात आणि आधी वाचलेला चालतो. रीलोडआधी ‘एन्जिनएक्स’ला उणे टी देऊन चाचणी घ्या. ‘कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम’ असा इशारा दिसला तर चाचणी पास झाली म्हणून पुढे जाऊ नका, ती प्रत आधी तिथून हलवा.